जुना डेस्कटॉप, जुना लॅपटॉप आणि घरातला नवा राउटर

विषय: नव्या राउटरला जुने संगणक जोडण्याबाबत

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार, एसलिंगेन

मराठी मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

आमच्या जर्मनीतल्या घरची डीएसएलची (टेलिफोनच्या तारेवरची) जोडणी जाऊन नुकतीच ग्लासफायबरची (काचतंतूची) आली आणि तिच्यासोबत इंटरनेट कंपनीने नवा राउटर दिला. मोबाइल त्याला लगेच जोडले गेले, परंतु दोन जुनी यंत्रे बाहेरच राहिली आहेत आणि त्यांच्याबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

पहिले यंत्र म्हणजे तळघरातील डेस्कटॉप. त्यावर विंडोज एक्सपी आहे आणि वायरलेस कार्ड मुळातच नाही. मंडळाच्या जुन्या स्मरणिका पेजमेकर या पानजुळणीच्या प्रोग्रॅममध्ये श्रीलिपी या मराठी अक्षरजुळणीच्या प्रोग्रॅमचे फाँट वापरून जुळवलेल्या आहेत, आणि त्या याच यंत्रावर आहेत. श्रीलिपीची आमची प्रत हार्डवेअर लॉकशिवाय उघडत नाही व तो लॉक प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला बसणारा आहे, त्यामुळे हे यंत्र मोडीत काढण्याचा प्रश्नच येत नाही. स्मरणिकेची पीडीएफ पुण्याच्या प्रेसला तेथूनच पाठवता यावी आणि कार्यकारिणीच्या ऑनलाइन बैठकींना मोठ्या पडद्यावर बसता यावे, एवढ्यासाठी त्याला इंटरनेट हवे आहे.

दुसरे यंत्र म्हणजे चिरंजीव अमेरिकेत शिकत असताना २०१० च्या सुमारास तेथेच घेतलेला लॅपटॉप. तो आता विंडोज १० वर चालतो आणि सौ. त्यावर रविवारचा मुलांचा मराठी वर्ग घेते. जुन्या राउटरवर त्याची कधी तक्रार नव्हती. आता त्याच्या यादीत आजूबाजूच्या सगळ्यांची नेटवर्क दिसतात, आमचे मात्र दिसत नाही. कंपनीच्या मदतकक्षाने “यंत्र जुने झाले, नवे घ्या” एवढेच सांगून फोन ठेवला.

कळावे, लोभ असावा.

प्रेषक: एक सभासद, म्युनिक

काका, नमस्कार.

डेस्कटॉपला यूएसबीची वायफाय स्टिक लावावी, ती स्वस्तात मिळते. लॅपटॉपसाठी राउटरचा पासवर्ड काही दिवस काढून पाहावा. खुल्या नेटवर्कला कोणतेही जुने यंत्र जोडले जाते.

प्रेषक: एक सभासद (नेटवर्क अभियंता), कार्ल्सरूहे

काका, सप्रेम नमस्कार.

प्रथम पासवर्डविषयी, कारण तो सल्ला वाचून कोणी आजच तसे करू नये. जर्मनीत घरचे वायफाय खुले ठेवणे केवळ तांत्रिकदृष्ट्या अयोग्य आहे असे नाही. आपल्या असुरक्षित जोडणीवरून दुसऱ्या कोणी बेकायदा डाउनलोड केल्यास जोडणीच्या मालकाकडेही दाद मागता येते, असा निकाल येथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १२ मे २०१० रोजी दिला होता. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन ती जबाबदारी बरीच सैल झाली हे खरे, तरी वकिलाची नोटीस दारात आल्यावर उत्तर आपल्यालाच द्यावे लागते. शिवाय खुले नेटवर्कही आपल्या लॅपटॉपला दिसणार नाही, असा माझा अंदाज आहे.

आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे, शेजाऱ्यांची नेटवर्क दिसतात आणि स्वतःचे दिसत नाही. याचा अर्थ लॅपटॉपचे वायरलेस कार्ड जिवंत आहे. पासवर्डची किंवा सुरक्षापद्धतीची अडचण असती, तर नाव दिसले असते आणि जोडणी नाकारली गेली असती. नावच दिसत नाही तेव्हा ज्या लहरींवर राउटर बोलतो आहे, त्या लहरी हे कार्ड ऐकतच नाही, असे समजावे. त्याची दोन कारणे संभवतात.

पहिले कारण असे, की राउटर ५ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यावर बोलत असेल आणि कार्ड केवळ २.४ गिगाहर्ट्झचे असेल. हे तपासण्यासाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अ‍ॅडॉप्टर्स’ उघडून कार्डाचे नाव वाचावे. त्या काळच्या इंटेल कार्डांच्या नावाच्या शेवटी ‘बीजीएन’ असेल तर ते फक्त २.४ वर चालते, आणि ‘एजीएन’ असेल तर ५ वरही चालते. नवे राउटर सहसा दोन्ही पट्टे एकाच नावाने प्रसारित करतात, त्यामुळे तेवढ्याने नाव पूर्णपणे अदृश्य होऊ नये. तरीही २.४ चा पट्टा कोणी बंद केलेला नाही, याची खात्री करावी.

दुसरे कारण मला अधिक संभवनीय वाटते आणि त्याचे मूळ लॅपटॉपच्या अमेरिकन जन्मात आहे. युरोपात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील १ ते १३ असे तेरा चॅनल (पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग) वापरता येतात, तर अमेरिकेत व्यवहारात १ ते ११ एवढेच वापरले जातात आणि तेथे विकलेली पुष्कळ कार्डे अकराव्या चॅनलपुढे ऐकूच नयेत अशी बांधलेली असतात. येथील राउटर ‘आपोआप’ वर ठेवलेला असला, की तो गर्दी टाळत टाळत बाराव्या किंवा तेराव्या चॅनलवर जाऊन बसतो. युरोपात घेतलेल्या मोबाइलना तो तेथे सापडतो, पण आपल्या लॅपटॉपच्या लेखी त्या ठिकाणी काहीही नसते. आपला जुना राउटर बहुधा खालच्या चॅनलवर असल्यामुळे इतकी वर्षे हा प्रश्न आला नसावा.

तेव्हा मोबाइलवरून राउटरच्या सेटिंगचे पान उघडावे, ‘फुंककानाल’ (रेडिओ चॅनल) या शीर्षकाखाली २.४ गिगाहर्ट्झसाठी ‘आपोआप’ ऐवजी १, ६ किंवा ११ यांपैकी एक चॅनल स्वतः निवडावा आणि बदल जतन करावा. हे तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत, म्हणून तेच निवडायचे. शेजाऱ्यांपैकी ज्यावर कमी गर्दी असेल तो घ्यावा. लॅपटॉपमध्ये काहीही बदलू नये.

आता डेस्कटॉप. काका, माझे स्पष्ट मत असे आहे, की त्याला इंटरनेट देऊच नये. मायक्रोसॉफ्टने एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवली. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर संगणक कुलूपबंद केले, तेव्हा कंपनीने अपवाद म्हणून एक्सपीसाठी एक दुरुस्ती काढली होती, परंतु अशा अपवादांवर मंडळाच्या स्मरणिका सोपवता येणार नाहीत. शिवाय जोडणी केली तरी हाती फारसे लागणार नाही. एक्सपीवरच्या इंटरनेट एक्सप्लोररला आजच्या संकेतस्थळांनी सक्तीची केलेली टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणी करता येत नाही, त्यामुळे मेलचे पानही उघडणार नाही आणि बैठकीचे तर नावच नको. यूएसबी स्टिकांचे म्हणाल, तर एक्सपीसाठी ड्रायव्हर (यंत्र चालवणारा छोटा प्रोग्रॅम) असलेली नवी स्टिक शोधण्यातच आपला वेळ जाईल.

आपल्याला प्रत्यक्षात दोन कामे हवी आहेत आणि ती दोन्ही लॅपटॉपवर होतात. पीडीएफ पेनड्राइव्हवर घेऊन वरच्या मजल्यावर आणावी व लॅपटॉपवरून प्रेसला पाठवावी. पीडीएफ करताना फाँट अंतर्भूत झाल्याची खात्री मात्र अवश्य करावी, अन्यथा श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड (सर्व यंत्रांचा समान अक्षरसंकेत) नसल्याने प्रेसच्या यंत्रावर मराठी मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा चिवडा उमटेल. बैठकीसाठी डेस्कटॉपचा मॉनिटर व्हीजीए केबलने लॅपटॉपला जोडावा. २०१० च्या लॅपटॉपला तो पोर्ट बहुधा असतोच.

घरातल्या घरात फोल्डर सामायिक करण्याचा विचार कोणाच्या मनात येईल, म्हणून तेही लिहिते. एक्सपीला त्यासाठी एसएमबी या सामायिक करण्याच्या पद्धतीची पहिली आवृत्तीच येते, ‘वॉनाक्राय’ तिच्यातल्याच त्रुटीतून पसरला होता आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० नव्याने बसवताना ती आवृत्ती सहसा बसवली जात नाही. ती मुद्दाम चालू करण्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार, एसलिंगेन

ताई, मनःपूर्वक आभार.

राउटर खरोखरच १३ व्या चॅनलवर होता. तो ६ वर आणताच लॅपटॉपच्या यादीत आमचे नाव दिसू लागले. कार्डाच्या नावात ‘बीजीएन’ आहे. परंतु आता पासवर्ड अचूक घालूनही “या नेटवर्कशी जोडणी करता येत नाही” एवढाच संदेश येतो. तोच पासवर्ड मोबाइलवर चालतो.

डेस्कटॉपबाबतचा आपला सल्ला पटला, जरी सहजासहजी पटला नाही.

प्रेषक: एक सभासद (नेटवर्क अभियंता), कार्ल्सरूहे

काका, नमस्कार.

नाव दिसते आणि जोडणी नाकारली जाते, म्हणजे अडचण आता सुरक्षापद्धतीची आहे. आपला राउटर बहुधा केवळ डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षापद्धतीवर ठेवलेला आहे. ही पद्धत २०१८ मध्ये आली. विंडोज १० ला ती २०१९ पासून येते, पण कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर या दोहोंनाही ती यावी लागते, आणि २०१० च्या कार्डाकडून ही अपेक्षा करणे व्यर्थ आहे. तिच्या आधीची डब्ल्यूपीए२ मात्र त्याला नक्की येते, कारण २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र मिळवणाऱ्या प्रत्येक यंत्राला ती सक्तीची होती.

राउटरच्या सुरक्षेच्या पानावर ‘डब्ल्यूपीए२ + डब्ल्यूपीए३’ ही मिश्र पद्धत निवडावी. नव्या यंत्रांशी राउटर नव्या पद्धतीने बोलेल आणि लॅपटॉपशी जुन्या. डब्ल्यूपीए२ आजही वापरण्याजोगी आहे, मात्र पासवर्ड लांब असावा. वीस अक्षरांचा असल्यास उत्तम, आणि त्यात घराचा क्रमांक किंवा जन्मतारीख नसावी. याहून खाली उतरू नये. त्याच पानावर कदाचित ‘डब्ल्यूईपी’ हाही पर्याय दिसेल, पण ती पद्धत २००१ मध्येच फोडली गेली असून तिच्यापुढे पासवर्डाच्या लांबीला काही अर्थ उरत नाही. एका यंत्राच्या सोयीसाठी घरातल्या सर्वांचे कुलूप सैल करणे योग्य नव्हे.

काही जुनी कार्डे मिश्र पद्धतीतही अडखळतात. तसे झाल्यास ‘गास्टत्सुगांग’ म्हणजे पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क सुरू करून त्याला केवळ डब्ल्यूपीए२ द्यावी आणि लॅपटॉप तेथे जोडावा. पाहुण्यांच्या नेटवर्कवरून घरचा वायरलेस प्रिंटर सहसा दिसत नाही, एवढी गैरसोय सोसावी लागेल.

आणखी एक. विंडोज १० ची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. युरोपीय आर्थिक क्षेत्रातील घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा-दुरुस्त्या विनामूल्य मिळण्याची सोय आहे, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून अपडेटच्या पानावर नोंदणी करावी लागते. ती आपोआप होत नाही. त्यानंतर या लॅपटॉपवर लिनक्स बसवावे लागेल. ते काम पुढच्या भेटीत मी करून देईन.

प्रेषक: एक सभासद, हायडेलबर्ग

सर्वांस नमस्कार. हा पत्रव्यवहार वाचून माझाही प्रश्न विचारते. आमच्या डेस्कटॉपवर विंडोज ११ आहे, पण वायरलेस कार्ड नाही. राउटर तळमजल्यावर आणि यंत्र दोन मजले वर आहे. पायऱ्यांवरून केबल टाकण्यास घरात विरोध आहे.

प्रेषक: एक सभासद (नेटवर्क अभियंता), कार्ल्सरूहे

ताई, केबलला पर्याय नसतो हे माझे मत विरोधकांपर्यंत पोहोचवावे. ते मान्य न झाल्यास लॅनचा (नेटवर्कच्या केबलचा) पोर्ट असलेला रिपीटर घ्यावा. तो वायफाय स्वतः पकडतो आणि डेस्कटॉपला केबलने देतो, त्यामुळे डेस्कटॉपला कार्ड, ड्रायव्हर किंवा पासवर्ड यांपैकी काहीच लागत नाही. रिपीटर डेस्कटॉपच्या शेजारी न ठेवता मधल्या मजल्यावर, जेथे मोबाइलला सिग्नल अजून चांगला मिळतो तेथे ठेवून पुढे केबल नेल्यास वेग बराच सुधारतो, कारण येथील घरांचे लोखंडी सळ्यांचे काँक्रीटचे स्लॅब विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या लहरी अडवतात.

विजेच्या तारांमधून नेटवर्क नेणारे पॉवरलाइन अ‍ॅडॉप्टरही मिळतात. ते थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावावेत, एक्स्टेन्शन बोर्डावर नव्हे. येथील घरांत वीज तीन फेजांची असते आणि दोन टोके वेगवेगळ्या फेजांवर आली की वेग फार पडतो, म्हणून परत करण्याची मुदत पाहूनच खरेदी करावी.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार, एसलिंगेन

सप्रेम नमस्कार.

मिश्र पद्धत निवडताच लॅपटॉप जोडला गेला. त्यानंतर प्रत्येक संकेतस्थळ “जोडणी सुरक्षित नाही” असे सांगून अडवू लागले, तेव्हा पुन्हा पत्र लिहिण्याच्या बेतात होतो, इतक्यात सौ.चे लक्ष पडद्याच्या कोपऱ्याकडे गेले. तेथे १ जानेवारी २०१० ही तारीख होती. तारीख दुरुस्त करताच सर्व काही उघडले, परंतु लॅपटॉप वीज काढून बंद केला की ती पुन्हा मागे जाते.

प्रेषक: एक सभासद (नेटवर्क अभियंता), कार्ल्सरूहे

काका, आतील घड्याळाचा सेल संपला आहे. संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध’ असे नोंदलेले असते. लॅपटॉपच्या मते आज २०१० असल्याने ती सर्व प्रमाणपत्रे त्याला भविष्यातील वाटतात आणि तो ती नाकारतो. बहुधा सीआर२०३२ हा गोल चपटा सेल असेल, पण काही लॅपटॉपमध्ये त्याला दोन तारा जोडलेल्या असतात. तसे असल्यास खोलून पाहिल्याशिवाय विकत घेऊ नये.

डेस्कटॉपविषयी एक राहिले. स्मरणिका एकाच जुन्या हार्ड डिस्कवर असतील, तर सेलच्याही आधी त्यांची प्रत दोन ठिकाणी काढावी. पेजमेकरच्या फाइलींसोबत फाँटच्या फाइलीही घ्याव्यात, आणि प्रत्येक अंकाची पीडीएफ वेगळी काढून ठेवावी, म्हणजे श्रीलिपीचा तो लॉक निकामी झाला तरी अंक निदान वाचता येतील.

प्रेषक: मंडळाचे माजी खजिनदार, एसलिंगेन

प्रती काढण्यास आज सुरुवात केली आहे. डेस्कटॉपचे यूएसबी पोर्ट संथ असल्याने छायाचित्रांसह सर्व अंक उतरवण्यास वेळ लागेल. मॉनिटर वर आणला आहे, परंतु त्याची व्हीजीए केबल टेबलापर्यंत पोहोचत नाही. कोणाकडे तीन मीटरची पडून असल्यास गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला येताना कृपया आणावी.