मदत हवी आहे: चार देशांतील घरगुती ब्रॉडबँडचा तुलनात्मक तक्ता

अबोली_पुणे
नमस्कार. घरून काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांचा इंटरनेट भत्ता ठरवण्याचे काम कंपनीने माझ्यावर सोपवले आहे. आमची माणसे पुणे, जर्मनी, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया येथे आहेत. प्रत्येक ठिकाणी 100 एमबीपीएसच्या जोडणीला महिन्याला किती खर्च येतो आणि डेटाची मर्यादा किती असते, असा तक्ता मला सोमवारी सकाळी द्यायचा आहे. मात्र एकाच देशाचे तीन संकेतस्थळांवर तीन निरनिराळे आकडे दिसतात. त्यांतील कोणता खरा मानायचा, एवढेच कृपया कोणीतरी सांगावे.

खडकाळ_वाट
हे आकडे दराचे आहेत की वेगाचे? वेगाचे असतील, तर तिन्ही आपापल्या जागी खरे असू शकतात. ऊक्ला या वेगचाचणी करणाऱ्या कंपनीची क्रमवारी लोकांनी स्वतःहून केलेल्या चाचण्यांवर आधारलेली असते आणि त्या चाचण्या बहुधा जवळच्या सर्व्हरवर होतात. एम-लॅब या संशोधन प्रकल्पाची प्रचलित चाचणी डेटाच्या एकाच प्रवाहावर, सेवादात्याच्या जाळ्याबाहेरील सर्व्हरपर्यंत मोजते, त्यामुळे तेथील आकडे साहजिकच कमी येतात. शिवाय देशाचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) कळल्याने आपल्या माणसाच्या घरी काय मिळते, हे कळत नाही.

अबोली_पुणे
वेगाचे आकडे आहेत. मध्यक वगैरे ठीक आहे, पण मला तक्त्यात एकच आकडा लिहायचा आहे.

श्टुटगार्टकर
जर्मनीपुरता एक आकडा लिहिता येईल, पण तो फसवा ठरेल. येथील 100च्या व्हीडीएसएल (टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरील) जोडणीत अपलोड सहसा 40 असते, 250 घेतले तरी अपलोड 40च राहते, आणि केबलवर 1000 घेतले तर ते 50च्या आसपास असते. दर साधारण 40 ते 50 युरो आहे, मात्र जाहिरातीतील 20 युरो हा पहिल्या काही महिन्यांचा सवलतीचा दर असतो आणि पहिला करार 24 महिन्यांपर्यंतचा असू शकतो. येथे 2017पासून प्रत्येक योजनेसोबत एक माहितीपत्रक द्यावे लागते, ज्यात किमान, नेहमी मिळणारा आणि कमाल असे तीन वेग छापलेले असतात. त्यांतील मधला घ्यावा. आपल्या माणसाकडे तांब्याची तार आहे, केबल आहे की फायबर, हे मात्र आपण लिहिलेले नाही.

न्यूजर्सी_निवासी
जर्मनीचे एवढे कौतुक नको. फायबरच्या बाबतीत ते शेजारच्या फ्रान्सच्याही बरेच मागे आहेत. अमेरिकेसाठी अबोलीताईंनी सेवादात्याचे 'ब्रॉडबँड लेबल' पाहावे, जे एप्रिल 2024पासून मोठ्या कंपन्यांना सक्तीचे झाले आहे. त्यात मासिक दर, सवलत संपल्यावरचा दर, नेहमीचा वेग, अपलोड आणि मर्यादा हे सर्व एकाच चौकटीत मिळते. 100 एमबीपीएसला साधारण 50 ते 80 डॉलर धरावेत. मोडेमचे भाडे अनेकदा वेगळे लागते आणि करही वरून पडतात.

श्टुटगार्टकर
मी कौतुक केलेले नाही. पण मर्यादेचा विषय आहे म्हणून सांगतो, की 2013मध्ये डॉइचे टेलिकॉम या येथील मोठ्या दूरसंचार कंपनीने घरगुती जोडण्यांवर ठरावीक डेटानंतर वेग कमी करण्याचा बेत जाहीर केला, तेव्हा प्रचंड ओरड झाली आणि त्याच वर्षी कोलोनच्या न्यायालयाने त्या अटीविरुद्ध निकाल दिला. तुमच्या अमेरिकेत कॉमकास्ट या केबल कंपनीने महिन्याला 1.2 टेराबाइटची मर्यादा किती वर्षे चालवली?

न्यूजर्सी_निवासी
चालवली खरी. त्यापुढे प्रत्येक 50 जीबीला 10 डॉलर आणि महिन्याला जास्तीत जास्त 100 डॉलर, असा तो हिशेब होता. आमच्या ईशान्येकडील राज्यांत मात्र तो लांबणीवरच पडत राहिला. 2025च्या उन्हाळ्यापासून त्यांच्या नव्या योजना अमर्याद आहेत, पण जुन्या योजनेवर असलेल्यांनी आपली अट तपासून घ्यावी. म्हणजे अमेरिकेत मर्यादा किती, या प्रश्नाचे उत्तर राज्य, कंपनी आणि योजनेचे साल यांवर अवलंबून आहे.

शांत_सरोवर
राउटर कधीही कपाटात ठेवू नये. घराच्या मध्यभागी, उंचावर आणि मायक्रोवेव्हपासून दूर ठेवल्यास वेगात लक्षणीय फरक पडतो.

अबोली_पुणे
राउटरविषयी मी काहीही विचारलेले नाही. पुण्याचा आकडा कोणी सांगेल का? त्यावर अजून कोणीच बोललेले नाही.

केबलचालक_कोल्हापूर
ताई, पुण्यात 100 एमबीपीएस फायबर 700 ते 800 रुपयांत मिळते, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. म्हणजे 699ची योजना हातात 825 रुपयांना पडते. याउलट जर्मनीत आणि ऑस्ट्रेलियात जाहीर दरात कर धरलेला असतो, त्यामुळे तक्त्यात सगळीकडे करासहित रक्कम लिहावी. आपल्याकडे 'अनलिमिटेड' म्हणून विकल्या जाणाऱ्या योजनांनाही बहुधा महिन्याला 3300 जीबीची एफयूपी (वाजवी वापराची मर्यादा) असते आणि ती संपली की वेग कासवाच्या गतीवर येतो. तरीही माझा सल्ला असा, की मोठ्या कंपनीपेक्षा गल्लीतील चालकाची जोडणी घ्यावी, कारण वायर तुटली तर माणूस तासाभरात घरी येतो. सोबत राउटरला एक मिनी यूपीएसही द्यावा.

खडकाळ_वाट
तासाभरात येणारा चालक आमच्या नशिबी आलेला नाही. रविवारी त्याचा फोन बंद असतो. यूपीएसचे मात्र पटले, कारण वीज गेल्यावर 100 काय आणि 1000 काय. 3300 जीबीविषयी सांगायचे, तर 100 एमबीपीएसची जोडणी अखंड पूर्ण वेगाने चालवली तरी ती संपायला तीन दिवस लागतात. एचडी बैठकीला तासाला दोन जीबी धरले, दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे 22 दिवस घेतले, तरी साडेतीनशे जीबीच होतात. त्यामुळे मर्यादेचा रकाना फारसे काही सांगणार नाही.

आकडेमोड
एवढा खटाटोप कशाला? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ दरवर्षी सर्व देशांतील स्थिर ब्रॉडबँडचे दर एकाच मापाने प्रसिद्ध करतो आणि ते दरडोई उत्पन्नाच्या टक्केवारीतही देतो. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने 2025पर्यंत गाठायचे ठरवलेले उद्दिष्ट दरडोई उत्पन्नाच्या 2 टक्क्यांखालील दराचे होते. तोच तक्ता उचलावा.

खडकाळ_वाट
त्या तक्त्यातील दर ज्या ठरावीक सेवेचा असतो, तो 'पेटारा' महिन्याला 5 जीबी आणि किमान 256 केबीपीएस या हिशेबाचा आहे. गरीब देशांत किमान जोडणी परवडते का, हे पाहण्यासाठी तो उत्तम आहे, पण 100 एमबीपीएसच्या भत्त्याशी त्याचा काय संबंध? भत्ता प्रत्यक्ष बिलावर द्यायचा असतो, दरडोई उत्पन्नावर नाही.

आकडेमोड
पुण्यातील 825 रुपये आणि अमेरिकेतील 60 डॉलर शेजारी-शेजारी लिहिले, तर साहेब पुण्याच्या माणसाला स्वस्तात सुटला म्हणणार नाहीत काय? उत्पन्नाचे प्रमाण त्यासाठी लागते.

यारा_नदीकाठ
मेलबर्नहून लिहीत आहे. येथे जाहिरातीत 'संध्याकाळचा नेहमीचा वेग' लिहिण्याची पद्धत आहे. तो सायंकाळी 7 ते रात्री 11 या गर्दीच्या वेळचा असतो, म्हणून ओळ भरताना तोच घ्यावा. सप्टेंबर 2025मध्ये एनबीएनने (येथील सरकारी मालकीच्या ब्रॉडबँड जाळ्याने) फायबर आणि केबलवरील 100ची योजना 500 डाउनलोड आणि 50 अपलोडवर नेली, त्यामुळे त्याआधीचे सर्व तक्ते जुने झाले आहेत. रस्त्यावरील पेटीपासून घरापर्यंत तांब्याची तार असलेल्यांना मात्र ही वाढ मिळालेली नाही. आता मूळ प्रश्न: आपली माणसे घरून नेमके कोणते काम करतात? कारण बैठका आणि ईमेल एवढेच असेल, तर 50देखील पुरे होईल.

अबोली_पुणे
आम्ही जाहिरातींच्या चित्रफितींचे संकलन करतो. मूळ चित्रीकरण घरून सर्व्हरवर चढवावे लागते, एका कामाचे 40 जीबीपर्यंत जाते. हे लिहिणे आवश्यक वाटले नव्हते.

श्टुटगार्टकर
मग सारा प्रश्न अपलोडचाच आहे! 40 जीबी चढवायला 20 एमबीपीएसवर साडेचार तास लागतील, 40वर सव्वादोन तास आणि 100वर पाऊण-एक तास. 'जर्मनीत 100' असे लिहून मंजुरी घेतली, तर आपला संकलक संध्याकाळभर प्रगतीपट्टी पाहत बसेल.

न्यूजर्सी_निवासी
येथे मी श्टुटगार्टकरांशी सहमत आहे. मार्च 2024मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने) ब्रॉडबँडची व्याख्या 25/3वरून 100/20 (डाउनलोड/अपलोड) एमबीपीएसवर नेली, म्हणजे 20 अपलोड असूनही जोडणी 'ब्रॉडबँड' ठरते, आणि केबलवर अनेकांना तेवढेच मिळते. अमेरिकेतील माणसाच्या पत्त्यावर फायबर आहे का, हे आधी विचारा.

केबलचालक_कोल्हापूर
म्हणजे पुणेकर जिंकले. आपल्याकडच्या बहुतेक फायबर योजनांत अपलोडही डाउनलोडइतकेच असते. 825 रुपयांत 100/100.

अबोली_पुणे
सर्वांचे आभार. तक्त्यात आता जोडणीचा प्रकार, गर्दीच्या वेळचा वेग, अपलोड, सवलत संपल्यानंतरचा करासहित दर आणि कराराची मुदत असे रकाने करते. मर्यादा शेवटी टाकते. साहेबांना किमान 40 अपलोड हीच अट सुचवणार आहे, रक्कम त्या-त्या देशातील बिलाप्रमाणे. मेलबर्नमधील दोघांकडे विचारणा केली, तर एकाकडे तांब्याची तारच निघाली. त्याच्यासाठी काही उपाय आहे का?

यारा_नदीकाठ
पत्ता एनबीएनच्या संकेतस्थळावर टाकून पाहायला सांगा. तो पात्र असेल, तर अधिक वेगाची योजना मागवल्यावर घरापर्यंत फायबर आणून देतात आणि साध्या जोडणीला सहसा वेगळा आकार लागत नाही. घर भाड्याचे असेल, तर मालकाची संमती आधी घ्यावी लागेल.