मदत हवी आहे: चॉकलेटचा डबा लपवू तरी कुठे?

रुचिरा_७
लेकीच्या हाती लागू नये म्हणून डबा फ्रिजवर ठेवला, मग माळ्यावर, आता कपाटात कुलूपबंद. किल्लीही सापडते. 'पोळीभाजी संपव, मग एक देते' हेही करून झालं. चार घास कसेबसे गिळते आणि हात पुढे. दुकानासमोर रोज भोकाड. शाळा सुरू व्हायच्या आत हे थांबायला हवं. प्रवचन नको, उपाय सांगा.

खारी_बटर
वय? घरात अजून कोण? दूध, रस, बिस्किटं दिवसभरात किती?

रुचिरा_७
साडेपाच. आजोबा संध्याकाळी फिरून येताना काहीतरी आणतातच. बाकी नेहमीचंच. दूध दोनदा.

खारी_बटर
दूध नुसतं?

रुचिरा_७
पावडर घालून. दोन मोठे चमचे, वर चमचाभर साखर, नाहीतर पीत नाही. पण प्रश्न चॉकलेटचा आहे!

काकवी
साखर घरातून हद्दपार करा, गूळ आणा. लोह मिळतं. राजगिऱ्याचे लाडू, चिक्की द्या. विषय संपला.

खारी_बटर
@रुचिरा, पावडरच्या डब्यामागे '१०० ग्रॅममध्ये साखर' किती लिहिलीय?

रुचिरा_७
३२ ग्रॅम.

खारी_बटर
दोन मोठे चमचे म्हणजे वीसेक ग्रॅम पावडर, त्यात साधारण साडेसहा ग्रॅम साखर. वरचा चमचा चार ग्रॅम. दोन कपांचे एकवीस. ४ ते ६ वर्षांच्या मुलांची रोजची गरज आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्यात १३६० कॅलरी आहे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर रोजच्या कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा म्हणते. ग्रॅमभर साखरेच्या चार कॅलरी, म्हणजे ३४ किंवा १७ ग्रॅम. पहिलं चॉकलेट तोंडात जायच्या आधीच सतरा पार.

एकदम बंद केलंत तर दूधच सुटेल. आधी वरची साखर दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, ती संपली की पावडर अर्धा अर्धा चमचा. वेलचीची चिमूट घाला, गोडवा कमी झालेला जाणवत नाही.

@काकवी, गुळातही बहुतेक साखरच असते. लोहासाठी गूळ म्हणजे मिठासाठी लोणचं.

काकवी
पिढ्यान्‌पिढ्या खाल्लाय गूळ. तेव्हा कुणी तक्ते लावत नव्हतं.

दंतकथा
दातांना गूळ काय, साखर काय, सारखंच. एकूण ग्रॅमइतकंच 'कितीदा' हेही बघा. गोड खाल्लं की पुढची वीस-तीस मिनिटं तोंडात आम्ल राहतं. एक चॉकलेट एका दमात खाणं परवडलं, दुपारभर चघळलेली गोळी नाही. दूध झोपताना देता का? दिलंत तर आधी दूध, मग ब्रश. नंतर फक्त पाणी. पेस्ट वाटाण्याएवढी.

निवांत_नाना
सासऱ्यांना मधुमेह आहे, स्टीव्हिया चहात चालेल का?

दंतकथा
वेगळा धागा काढा, नाना.

ताटवाटी
मूळ चूक 'संपव, मग देते' इथे आहे. भाजी झाली दंड, चॉकलेट झालं बक्षीस. कुलपाने त्याची किंमत आणखी वाढते. उलट करा. रोज एकदा, ठरलेल्या जेवणात, एक छोटा तुकडा ताटात पोळीसोबतच वाढा. आधी खाल्ला तरी गप्प बसा. दुसरा मात्र नाही. डबा घरातच ठेवू नका, मोजकं आणा. सुरुवातीचे काही दिवस ती तुकडा खाऊन ताट सोडेल. तिथेच घरचे घाबरून 'बरं, चार घास खा, अजून एक देते' म्हणतात आणि गाडी मूळपदावर.

खारी_बटर
रोज? आठवड्यातून दोनदा पुरे.

ताटवाटी
दोनदा ठेवलंत तर उरलेले पाच दिवस 'आज का नाही?' याचा हिशेब देत बसाल.

रुचिरा_७
आणि आजोबांना कोण सांगणार?

ताटवाटी
'आणू नका' म्हटलंत तर खिशातून गुपचूप निघेल. ताटातला तुकडा वाढायचं काम त्यांच्याकडेच द्या. संध्याकाळी त्यांनी पेरू, बोरं, फुटाणे आणावेत. दुकानासमोरचं उत्तर घरातून निघतानाच द्या: 'आज फक्त कोथिंबीर घ्यायचीय.' तिथे भोकाड पसरलं तरी कोथिंबीरच.

रुचिरा_७
शनिवारी शेजारी वाढदिवस आहे. पिशवीभर गोळ्या येणार. काढून घेऊ?

ताटवाटी
नको. तिलाच जमिनीवर मांडू दे, रंगांप्रमाणे लावू दे, त्या दिवशी हवं तेवढं खाऊ दे. रविवारपासून उरलेलं तुमच्या ताब्यात, रोजच्या तुकड्याऐवजी त्यातलं एक.

काकवी
त्यापेक्षा शेजाऱ्यांनाच सांगा, पिशवीत चिक्की भरा.

दंतकथा
दाढांत अडकते.