मामाच्या ट्रंकेतली इटालियन चित्रं: काखेत बकरू की वाद्य?

अबोली_ठाणे
माझा मामा मर्चंट नेव्हीत होता. गेल्या वर्षी तो गेला. खेडच्या घरी त्याच्या ट्रंकेच्या तळाशी, चादरीत गुंडाळलेली दोन चित्रं सापडली.

पहिलं काळं-पांढरं. भिंतीतल्या मेरीच्या देवळीसमोर दोन माणसं उभी. टोकदार टोप्या, अंगावर मेंढीचं कातडं, पोटरीपर्यंत गुंडाळलेल्या दोऱ्या. एकाच्या तोंडात सनईसारखं काहीतरी. दुसऱ्याच्या काखेत काय आहे यावरून घरात दोन तट पडलेत. आई म्हणते बकरीचं पिल्लू, विकायला निघालाय. मी म्हणते वाद्य, कारण खाली नळ्या लोंबतायत. आई म्हणते ते पाय! खाली 'पिनेल्ली, रोमा' आणि साल १८१... शेवटचा आकडा कसरीने खाल्ला.

दुसरं रंगीत. लिंबं टांगलेली टपरी, दोन आडवी पिंपं, ग्लास पुढे करणारा माणूस. खाली 'नापोली'.

फ्रेमवाला म्हणतोय डाग ब्लीचने काढतो आणि लॅमिनेट करून देतो. करू का? आणि ही खरी आहेत का हो?

शाईचे_हात
ताई, आधी त्या फ्रेमवाल्याकडून चित्रं परत आणा, मग पुढचं वाचा. ब्लीचने कागद पांढरा होतो आणि काही वर्षांत पापडासारखा मोडतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही.

मी छापचित्रण शिकलोय, हात अजून शाईचेच आहेत. पिनेल्ली हा चित्रकार रोमचा, त्रास्तेवेरे मोहल्ल्यातला, १७८१ ते १८३५. त्याचा पन्नास वेशभूषा-चित्रांचा संच १८०९ साली निघाला, नंतर आणखी निघाले. काम बहुतेक एचिंगचं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप, त्यावर सुईने रेघा, मग अ‍ॅसिड. खाल्लेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद ठेवून पत्रा रुळांखालून काढायचा. त्या दाबाने पत्र्याची कड कागदात उतरते. चित्राभोवती बोट फिरवा, चौकोनी खळगा लागतो का? जुन्या फ्रेमवाल्यांनी कडा कापल्या असतील तर लागणार नाही, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

मग भिंग घ्या. एचिंगची रेघ सलग असते, कागदावर किंचित उठलेली. एकसारखे ठिपके दिसले तर ते छापखान्यातलं पुनर्मुद्रण, साल काहीही लिहिलेलं असो.

दुसरं बहुधा शिळाछाप, म्हणजे सपाट दगडावरून छापलेलं असेल, आपल्या पुण्याच्या चित्रशाळा छापखान्याची चित्रं जशी होती. त्यात खळगा नसतोच. रंग बघा. हाताने भरलेला असेल तर कुठेतरी रेघेबाहेर गेलेला सापडतो.

मु_पो_बोलोन्या
काकूंना अर्धे मार्क द्या! ते वाद्यच आहे, झांपोन्या. पण त्याची पिशवी शेळी-मेंढीच्या अख्ख्या कातड्याची करतात. पिशवीत तोंडाने हवा भरायची, काखेत दाबायची, नळ्या खाली लोंबतात. जोडीदाराकडे चारामेल्ला असतो, आपल्या सनईच्याच घराण्यातला. हे फिरते वादक म्हणजे पिफेरारी. नाताळच्या आधी अब्रुत्सोच्या डोंगरातून, चोचारीयातून रोमला उतरायचे आणि रस्त्यावरच्या मेरीपुढे नऊ दिवस वाजवून पैसे मागायचे. दोऱ्या म्हणजे चोचे, चामड्याचा तुकडा तळव्याला धरून पट्ट्यांनी बांधायचा. त्या पायताणावरूनच चोचारीया नाव पडलं.

नापोलीचा तो आक्वायोलो, पाणी विकणारा. पिंपात डोंगरातून आणलेला बर्फ घालून ती झुलवायची, पाणी गार. वर लिंबू पिळायचं. गंधकाचं पाणीही विकत. त्याला उकडलेल्या अंड्याचा वास येतो.

आता जरा माझं तिरकं. ही चित्रं त्या माणसांसाठी काढलेली नव्हती. युरोपभरचे प्रवासी रोम-नापोली बघायला येत, त्यांनी घरी न्यायच्या वस्तू या. म्हणून पाणीवाला कायम हसरा आणि शर्ट स्वच्छ. मला त्यापेक्षा आमच्या बोलोन्या शहराची जास्त आवडतात. चित्रकार आनिबाले काराच्चीने सोळाव्या शतकाच्या अखेरीस इथल्या फेरीवाल्यांची चित्रं काढली. काराच्ची वारल्यावर, १६४६ साली, त्यावरून ८० पानांचा संच छापला गेला. १६६० मध्ये मितेल्ली या चित्रकाराने त्यांतलीच ४० चित्रं पुन्हा केली. तिथे ओझ्याखाली माणूस खरंच वाकलेला आहे.

शाईचे_हात
पिनेल्लीवर एवढा राग काढू नका राव. गिऱ्हाईक परदेशी होतं हे मान्य, पण त्याच्या रेघेतला हात त्रास्तेवेरेतलाच आहे. त्याच्या चित्रांतली भांडणं बघा, दगड मारणारी पोरं बघा. तिथे कोणी गोड हसत नाही.

अबोली_ठाणे
चित्रं परत आणली. फ्रेमवाला रुसला.

भावाचं नाण्यांचं भिंग घेऊन बसले. पिनेल्लीवर ठिपकेच ठिपके, मेरीच्या नाकावरसुद्धा. म्हणजे मामाने पोस्टर आणलं होतं, आणि आम्ही त्याचं साल मोजत होतो. दुसऱ्यात मात्र ठिपके नाहीत. एका लिंबाचा पिवळा रंग बाहेर ओघळून टपरीच्या खांबावर गेलाय, आणि पाणीवाल्याच्या लाल कमरपट्ट्याला रेघेच्या पलीकडे एक फराटा आहे. आता ते अ‍ॅसिड नसलेल्या कागदात ठेवलंय. कोणी कागद-संवर्धक ठाण्यात माहीत असेल तर सांगा.

झांपोन्याचं आईला सांगितलं. ती म्हणाली, "कातडं बकरीचंच ना? मग मी काय वेगळं म्हणत होते?"