गौदी म्हणजे नुसत्या फुटक्या टाइल्स?

ओळंबा: काल इथे एकाने बार्सिलोनाचा वास्तुविशारद आंतोनी गौदी याच्याबद्दल लिहिलं, "गौदी कसला वास्तुविशारद, फुटक्या टाइल्स चिकटवणारा सजावटकार. निसर्गबिसर्ग सगळं पर्यटकांना सांगायला." गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

बार्सिलोनाच्या कासा बाट्यो या गौदीने घडवलेल्या इमारतीत मधल्या चौकात उभं राहून वर बघा. टाइल्स वर गडद निळ्या, खाली येताना फिकट होत होत जवळजवळ पांढऱ्या. खिडक्या वर लहान, खाली मोठ्या. वर ऊन भरपूर, गडद रंग ते पिऊन टाकतो; तळाला उजेड कमी, फिकट टाइल तो परत फेकते. सगळ्या मजल्यांना उजेड सारखा. ही सजावट झाली का?

आणि कोलोनिया गुएल या गिरणी कामगारांच्या वसाहतीतल्या चर्चसाठी त्याने केलेलं ते उलटं टांगलेलं मॉडेल? दोऱ्यांना शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बांधल्या. वजनाने दोरी जो बाक घेते तो उलटा केला की कमान, सगळा भार दाबातच, ताण नाही. मी बावीस वर्षं स्ट्रक्चरल डिझाइन करतोय. त्या मॉडेलपुढे मान झुकते.

साधी भिंत: ते वाक्य माझंच, आणि मागे घेत नाही. गौदीचं बार्सिलोनातलं पार्क गुएल मुळात काय होतं? घरांची वसाहत. ६० प्लॉट आखले, घरं उभी राहिली दोन. कापडगिरणीवाल्या गुएलचा पैसा होता म्हणून हौस चालली. आणि फुटक्या टाइल्सचं कौतुक मला सांगू नका. आमच्या सोसायटीने गच्चीवर चायना मोझॅक केलं, तिसऱ्या पावसाळ्यात माझ्या बेडरूमचं छत ओलं. कंत्राटदार फोन उचलत नाही.

गच्चीवरची: चायना मोझॅकला नावं ठेवू नका! आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत १९९१ ला केलंय, आजवर थेंब गळला नाही. पांढऱ्या तुकड्यांत एक निळ्या फुलाच्या बशीचा तुकडा आहे. पापड वाळत घालताना मी पाय तिथेच ठेवायचे, बाकी गच्ची तापली तरी. गौदीची माणसं फुटक्या कपबशा वापरायची हे वाचलं तेव्हा तो तुकडाच आठवला.

साधी भिंत: तुमचं नशीब चांगलं. माझे एक लाख चाळीस हजार गेले.

ओळंबा: गेले ते चिप्समुळे, म्हणजे वरच्या टाइलच्या तुकड्यांमुळे नाही. पाणी अडवतो खालचा विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि वाहून नेतो उतार. कठड्याच्या कोपऱ्यात गोलाई केली होती का? वर चिप्स लावण्याआधी गच्चीत पाणी तुंबवून बघितलं होतं का?

साधी भिंत: मला काय माहीत? मी बँकेत आहे. तुम्ही इंजिनिअर लोक नंतर प्रश्न विचारता, आधी कुणी फिरकत नाही. बोलून दाखवू नका.

ओळंबा: आवाज चढवू नका. पार्क गुएलचंच घ्या. ८६ खांबांवर पेललेल्या चौकात पडलेलं पावसाचं पाणी झिरपून खांबांच्या पोटातून खाली १२०० घनमीटरच्या टाकीत जातं. जंगलात माती पाणी गाळते तसं. गौदीचा निसर्ग म्हणतो तो हाच.

सहीविना: दोघांनीही गौदीचा सहकारी वास्तुविशारद जुजोल याचं नाव घेतलं नाही. त्या चौकातल्या नागमोडी बाकावरचं तुकडेकाम त्याचं. मी एका ऑफिसात नऊ वर्षं ड्रॉइंग्ज काढली. इमारतींवर पाटी लागली साहेबांची. उद्घाटनाला मागच्या रांगेतही खुर्ची नव्हती. म्हणून "गौदीचे रंग" वाचलं की अंगावर काटा येतो.

ओळंबा: मान्य. जुजोलचं नाव मीच आधी लिहायला हवं होतं. पण सपाट टाइल वळणावर बसत नाही, म्हणून ती फोडावी लागते. वळण गौदीचं, तुकडे जुजोलचे.

सहीविना: रंगही जुजोलचे. तेवढं लिहा.

ओळंबा: रंगही.

साधी भिंत: तो निळा चौक खरंच कामाचा आहे, एवढं कबूल करतो. सजावटकार हा शब्द त्या चौकापुरता मागे घेतो. बाकी ठिकाणी नाही. बेडरूमच्या छतावर डाग अजून पसरतोय, शनिवारी दुसरा माणूस बघायला येतोय.

गच्चीवरची: त्याला सरळ वर नेऊन बादलीभर पाणी ओतायला सांगा. पाणी मोरीच्या तोंडाकडे गेलं नाही तर चिप्सना हात लावू देऊ नका, आधी उतार करून घ्या.