मदत हवी आहे : अक्षरांच्या बेरजेत हातचा २ कधी धरायचा?

नमस्कार मंडळी. भाची आठवीत आहे, यंदा एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसतेय. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले, इथं शिकवणी नाही. बुद्धिमत्तेच्या पेपरात ९० मिनिटांत ९० प्रश्न, आणि ती अक्षरांच्या बेरजेवर (प्रत्येक अक्षर म्हणजे एक वेगळा अंक, तो ओळखायचा) दहा-दहा मिनिटं घालवते.

दोन ओळींचं जमतं. अब + बअ = कअक. दोन अंकी दोन संख्यांचा हातचा १ च, म्हणून क = १. एककात १ हवा, म्हणजे अ + ब = ११. दशकात ११ आणि हातचा १, झाले १२; अ = २, ब = ९. हे तिनं मलेच समजावलं!

अडतं ते तीन ओळींत: अब + अब + अब = ककब. तिप्पट करून शेवटी ब च यायला हवा, म्हणून ब ० किंवा ५, इथवर ठीक. पुढे ती अ ला १ ते ९ भरून पाहत बसते. ७५ सापडलं, २२५ जुळलंही, पण कापसाच्या गंजीवर बसून पाटी तीनदा पुसल्यावर. "मामा, पेपरात एवढा वेळ कोण देते?"

० चटकन बाद कसा करायचा? आणि क २ च, हे आधीच कसं ओळखायचं? कोणी शिक्षक असाल तर पायरीपायरीनं सांगा, भाऊ.