एप्समची कडू पाण्याची विहीर ओस का पडली?

प्रश्न
सध्या लेकीकडे इंग्लंडात आलोय, सरे परगण्यातल्या एप्समला. इथल्या कॉमनलगत, म्हणजे गावाच्या मोकळ्या सार्वजनिक माळालगत, घरांच्या वस्तीत कठडा बांधलेली एक जुनी विहीर आहे. जावई म्हणाले, एप्सम सॉल्ट ते इथलंच. एके काळी लंडनचे लोक पाणी प्यायला इथे गर्दी करायचे म्हणे. मग सगळं बंद का पडलं? लिव्हिंग्स्टन नावाच्या औषधवाल्याने वाट लावली असं इथे ऐकलं.

प्रतिसाद १
सुरुवात १६१८ च्या कोरड्या उन्हाळ्यातली सांगतात. हेन्री विकरची गुरं तहानलेली असूनही तिथल्या डबक्याला तोंड लावेनात. पुढचं जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद २
औषधवाल्यावर सगळं खापर फोडू नका. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि मॅग्नेशियमचा धडा आला की एप्समपाशी थांबायचोच.

गर्दीचं म्हणाल, तर सतराव्या शतकातल्या लंडनच्या सॅम्युअल पीप्सची प्रसिद्ध रोजनिशी बघा. जुलै १६६३ मध्ये गाव इतकं भरलेलं की त्याला राहायला खोली मिळेना. १४ जुलै १६६७ ला सकाळी आठला तो विहिरीवर पोचला आणि चार पाइंट, म्हणजे सव्वादोन लिटर पाणी प्यायला. पोट छान साफ झालं, हेही त्याने मोकळेपणाने लिहून ठेवलंय! होणारच. पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट. आतड्यात ते फारसं शोषलं जात नाही, उलट पाणी धरून ठेवतं.

आता खरी गोष्ट. १६९५ मध्ये नेहेमाया ग्रू या वैद्याने या क्षारावर लॅटिनमध्ये पुस्तिका लिहिली. असलं पाणी आटवून थंड होऊ दिलं की सुईसारखे बिनरंगी खडे सुटतात. एक खडा जिभेवर ठेवला तर आधी गार लागतो, मग कडू. ग्रूने १६९८ मध्ये क्षार बनवण्याचं पेटंट घेतलं, पण तोवर मोल्ट बंधूंनी त्याच्या पुस्तिकेचं इंग्रजी भाषांतर परस्पर छापून क्षार विकायलाही काढला होता. हा क्षार दुसऱ्या कडू झऱ्यांतूनही निघतो. मग दुकानात पुडी मिळत असताना घोडागाडीचे हाल काढून एप्समला कोण जाईल? माझ्या मते गावाचा धंदा तिथेच बसायला लागला. इंग्लंडातल्याच बाथ या गरम झऱ्यांच्या गावाचं बघा, तिथलं गरम पाणी पुडीत बांधता येत नाही, आणि पुढच्या शतकात बाथ भरभराटलं.

प्रश्नकर्ता
हे पटलं. पण म्हणजे लिव्हिंग्स्टनचा काहीच दोष नाही?

प्रतिसाद २
आहे, पण तो नंतरचा. १७०७ च्या सुमारास त्याने गावातच नवी विहीर काढली. जुनी दूर कॉमनवर, तिथवर चालत जावं लागे. नवीजवळ दुकानं, नाच, जुगार, सगळी सोय. मग जुन्या विहिरीचा भाडेपट्टा घेऊन त्याने ती बंद केली, असं सांगतात. नव्या पाण्याला तो गुण नव्हता अशीही तक्रार होती, आणि ती मला खरी वाटते. कॉमनखाली लंडन क्ले ही चिकणमाती आहे. तिच्यातल्या पायराइट या लोखंड-गंधकाच्या खनिजावर हवा-पाण्याचा परिणाम होऊन सल्फेट तयार होतं. गावाच्या दुसऱ्या अंगाला चॉकचा, म्हणजे चुनखडीचा थर लागतो. जागा बदलली की पाणी बदलणारच. पुढे १७२० मध्ये लंडनच्या साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटला आणि अनेक पैसेवाले बुडाले.

गर्दी परतली ती घोड्यांसाठी. गावाजवळच्या डाउन्स या गवताळ टेकड्यांवर डर्बी ही घोड्यांची शर्यत पहिल्यांदा १७८० मध्ये झाली.

विहिरीचं पाणी मात्र चाखून बघू नका, आता ते पिण्याजोगं नाही. त्यापेक्षा हाय स्ट्रीटवर जा. १६९० च्या दशकातली असेम्ब्ली रूम्सची विटांची इमारत अजून उभी आहे. पाणी पिऊन झालं की मंडळी तिथेच जमायची.