मदत हवी आहे: कॉम्प्लेक्सचा मेन न्यूट्रल जळला, पावसाळ्याआधी कोणतं काम आधी करावं?

नमस्कार मंडळी,

बडोद्यात सयाजीगंजमध्ये आमचं तळघर धरून चार मजल्यांचं जुनं कमर्शियल कॉम्प्लेक्स आहे. खाली दुकानं, वर पॅथॉलॉजी लॅब, सीएंचं ऑफिस आणि सगळ्यात वर कोचिंग क्लास. असोसिएशनतर्फे मेंटेनन्स मी बघतो, पण इलेक्ट्रिकलचं शिक्षण नाही, म्हणून इथे विचारतोय.

गेल्या आठवड्यात भर दुपारी लॅबमधल्या ट्यूबलाइट एकदम डोळे दिपतील इतक्या उजळल्या आणि त्याच वेळी क्लासमधले पंखे मंदावले. मेन बंद करेपर्यंत लॅबचा फ्रीज, एक यूपीएस आणि सीएंचे कॉम्प्युटर गेले. एकही एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडला नाही. वायरमनने सप्लाय बंद करून तळघरातलं पॅनेल उघडलं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तिन्ही फेजचे (करंट आणणाऱ्या तारांचे) लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे जोड, स्वच्छ होते. न्यूट्रलचा (करंट परत नेणाऱ्या तारेचा) लग मात्र काळाठिक्कर पडलेला, स्लीव्ह वितळून बसबारला (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीला) चिकटलेली आणि बोल्ट बोटाने फिरत होता. त्याने केबलचं टोक कापलं, नवा लग लावला, बोल्ट आवळला आणि काम झालं म्हणून गेला. तेव्हापासून सगळं सुरळीत चालू आहे आणि मला त्याचीच धास्ती वाटते.

मेन केबल इमारत बांधली तेव्हाची, ॲल्युमिनियमची, साडेतीन कोअर. म्हणजे न्यूट्रल फेजच्या साधारण निम्म्या जाडीचा. त्यात ऑगस्ट २०२४ च्या पुरात, विश्वामित्री नदी काळाघोड्याजवळ २६ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा, आमचं पॅनेल पाण्याखाली होतं. नंतर ते धुऊन, ब्लोअरने वाळवून तेच एमसीबी परत चालू केले. आणखी एक, क्लासवाल्यांनी एसी वाढवले, ३२ अँपिअरचा एमसीबी सारखा पडायला लागला, तर त्यांच्या माणसाने ६३ चा बसवला. आतली वायर तीच, चार एमएमची.

सभेत विषय काढला की उत्तर ठरलेलं, "चाले छे ने!" (चालतंय ना!) पण संध्याकाळी वर मुलं बसलेली असतात आणि जिना एकच आहे. २४ मे २०१९ ला सुरतच्या तक्षशिला इमारतीत अशाच वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली मुलं गेली. ते आठवलं की मला पुढच्या सभेपर्यंत थांबवत नाही.

मला जाणून घ्यायचंय ते असं: न्यूट्रल लोडमुळे जळला की पुराच्या पाण्याने सांधा खराब झाला, हे कसं ओळखायचं? सगळी केबल न बदलता जाड न्यूट्रल वेगळा बाहेरून टाकू, असं एक कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, ते चालेल का? आणि पैसे एकदम जमणार नाहीत, तर पहिला खर्च कशावर करू?

प्रतिसाद: जुना सुपरवायझर

सयाजीगंजकर, आजच पहिलं काम करा: क्लासचा ६३ चा एमसीबी काढून ३२ चा परत लावा आणि तो पडणार नाही इतकेच एसी चालवू द्या. एमसीबी वायर वाचवायला असतो. चार एमएमची वायर आत भाजून निघेल तरी ६३ चा पडणार नाही. एसींना वेगळी जाड लाइन ओढा. यात चर्चा नको.

दुसरं, दुपारी सगळे एसी चालू असताना ट्रू आरएमएस टॉन्गटेस्टरने (वेड्यावाकड्या लहरीचाही करंट बरोबर दाखवणाऱ्या, तारेभोवती चिमट्यासारख्या लावायच्या मीटरने) तिन्ही फेज आणि न्यूट्रलचा करंट मोजून घ्या. साध्या टेस्टरवर अशा लोडचं रीडिंग कमी दिसतं. फेजमध्ये मोठी तफावत असेल तर आधी लोड वाटून द्या. तिन्ही फेज जवळपास सारखे आणि तरी न्यूट्रल भरलेला दिसला, तर ते कॉम्प्युटर, यूपीएस, एलईडीच्या हार्मोनिक्सचं (अशा उपकरणांमुळे करंटमध्ये मिसळणाऱ्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरींचं) काम. तिन्ही फेजमधली तिसरी हार्मोनिक (तिप्पट फ्रिक्वेन्सीची लहर) न्यूट्रलमध्ये एकमेकीला मारत नाही, बेरीज होते. तिथे अर्ध्या न्यूट्रलची केबल टिकणार नाही, चार कोअर पूर्ण न्यूट्रलची घ्यावी लागेल. करंट कमी निघाला, तर दोष सांध्याचा. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या बसबारवर साध्या लगने बसवली असेल तर ओलीने गंज धरतो. तिथे बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं), नीट क्रिम्प केलेला (दाबून घट्ट बसवलेला) आणि टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने) आवळलेला हवा.

बाहेरून वेगळा न्यूट्रल नको. फेज एका भोकातून आणि न्यूट्रल दुसऱ्यातून गेला की मधली लोखंडी प्लेट तापते.

एमसीबी पडला नाही याचं नवल नाही. न्यूट्रल सुटला की करंट वाढतोच असं नाही, व्होल्टेज वाढतं. हलक्या लोडच्या फेजवर २३० चे ४०० पर्यंत जातात. आरसीसीबीसुद्धा (करंटची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच) यात वाचवत नाही, तो शॉकपासून वाचवायला आहे आणि प्रत्येक गाळ्यात ३० मिलिअँपिअरचा हवाच. मेनवर न्यूट्रल तुटल्याचं ओळखणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले (व्होल्टेज फार वाढलं किंवा घटलं की लाइन तोडणारं उपकरण) लावा. खर्च थोडा आणि तुमचं जे नुकसान झालं ते याने टळलं असतं.

पुरात भिजलेले एमसीबी भंगारात द्या. आतला गाळ वरून दिसत नाही. केबलचं मेगर (इन्सुलेशनची तपासणी) ५०० व्होल्टवर करा, आधी सगळी इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून. १ मेगओमच्या खाली आलं तर सप्लाय देऊ नका. पुन्हा पुरात बुडू नये म्हणून पॅनेल तळघरातून वर न्यायचं तर मीटरसाठी वीज कंपनीकडे अर्ज लागेल, तो आत्ताच टाका. नवी केबल घेण्याआधी पॅनेलची नवी जागा ठरवा, नाहीतर केबल तोकडी पडून मध्येच जोड द्यावा लागेल.

सयाजीगंजकर:

काका, मनापासून आभार. केबलच्या लांबीचं कोणीच बोललं नव्हतं, कोटेशन थांबवतो. क्लासवाल्यांशी आज संध्याकाळीच बोलतो. एक विचारायचं राहिलं: रिले पडल्यावर लाइन आपोआप परत यावी की माणसाने बघूनच चालू करावी? लॅबवाले आपोआप मागतायत.

जुना सुपरवायझर:

माणसाने बघूनच. लॅबच्या फ्रीजला वेगळा यूपीएस द्या.